आधी पाणी, मग मासे

आमच्या झाईत मासा हा कौतुकाने बघत बसण्याचा विषय नाही. पहाटे होड्या खाडीत शिरतात, किनाऱ्यावर भाव ठरतात, बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात आणि त्याचा वास आम्हाला वास म्हणून जाणवतही नाही. खाडी ओलांडली की गुजरात. पालघर जिल्ह्याच्या, नव्हे महाराष्ट्राच्याच टोकाचे हे गाव. अशा गावात एका कारकुनाने बैठकीच्या खोलीत चार फुटांची काचेची पेटी मांडावी आणि तीत खायचे नसलेले मासे सोडावेत, याला लोक काय म्हणतील ते वेगळे सांगायला नको. शेजारच्या मावशींचा जन्म मासळी विकण्यात गेला. त्या दारातूनच म्हणाल्या, "भाऊ, एवढ्या पाण्यात एवढासाच मासा? एका माणसाचं कालवण तरी होईल का?"

चळवळीतल्या मित्रांची बोलणी वेगळी. एकाने तोंडावरच विचारले, "वस्तीतल्या अभ्यासिकेला अजून पंखा नाही आणि तू शोभेचे मासे पाळतोस?" पुढे वर्गणी काढून पंखा लागला, पण त्याचा प्रश्न बोचायचा तो बोचलाच. त्याला पुरते उत्तर माझ्याकडे आजही नाही.

हे सारे सुरू झाले धाकट्या मुलीमुळे. २०२२ साली ती सातवीत होती. माझ्या एका सहकाऱ्याच्या घरी, बोईसरला, तिने पहिल्यांदा आफ्रिकन सिक्लिड मासे पाहिले. पिवळेधमक, निळे, जांभळट. दगडांच्या कपारीतून बाहेर येणारे, एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे, काचेजवळ माणूस आला की तेही काचेजवळ येणारे. घरी येताना गाडीत ती एक शब्द बोलली नाही. रात्री मात्र म्हणाली, "पप्पा, आपल्याकडे?" मला माझे लहानपण आठवले. वडिलांनी मला एकदा मुंबईला नेऊन मरीन ड्राइव्हवरचे १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय दाखवले होते. काचेपर्यंत माझे डोके पोचेना म्हणून त्यांनी मला उचलून धरले होते. दिवसभराच्या कामाने त्यांचे हात दुखत असणार, हे आता कळते. मी मुलीला हो म्हणालो.

सौभाग्यवतींचा विरोध होता आणि तो रास्त होता. "अहो, प्यायचं पाणी मी हंड्याने भरते. उन्हाळ्यात नळाची वाट बघत उभी राहते. आणि तुम्ही दर आठवड्याला मोरीत पाणी ओतणार?" आई तर जुनी आठवण घेऊन बसली. तिच्या माहेरी विहिरीवर कुणी वरून ओतेल तेव्हाच घागर भरायची, तोवर उन्हात उभे राहायचे. "पाण्याचा खेळ करू नको बाबा," एवढेच ती म्हणाली. अशा घरात पाण्याची पेटी मांडायची म्हणजे आधी पाण्याचा हिशोब द्यावा लागतो.

तो हिशोब आमच्या बोअरवेलने सोडवला. समुद्र जवळ असल्याने आमच्या बोअरचे पाणी मचूळ. त्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, भांड्यांवर पांढरे पुट चढते. ते पिण्याच्या कामाचे नाही, भांडी-धुणी कशीबशी होतात. बोईसरच्या मित्राने मला एक छोटी बाटली आणि रंगाचा तक्ता दिला. पीएच, म्हणजे शाळेच्या पुस्तकातला सामू, मोजायचे ते साधन. आमच्या बोअरचा पीएच निघाला ८.२. मित्र हसून म्हणाला, "अरे, लोक औषधे घालून असे पाणी करतात. तुझ्या अंगणात आयते आहे."

त्याचे कारण या माशांच्या मूळ गावात आहे. आफ्रिकेच्या पूर्व भागात जमिनीला प्रचंड भेग पडून जी खोल सरोवरे तयार झाली, त्यांपैकी मलावी सरोवर हे एक. मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या तीन देशांच्या मध्ये ते पसरलेले आहे. लांबी सुमारे ५८० किलोमीटर आणि खोली काही ठिकाणी ७०० मीटरच्या आसपास. पाणी अल्कधर्मी, पीएच साधारण पावणेआठ ते साडेआठच्या घरात. शेकडो जातींचे सिक्लिड या एका तळ्यात आहेत आणि त्यांतल्या बहुतेक जाती जगात दुसरीकडे कोठेही नैसर्गिकरीत्या सापडत नाहीत. १९८४ साली युनेस्कोने तिथल्या राष्ट्रीय उद्यानाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. काठच्या खडकांवर शेवाळाचा थर असतो, तो खरवडून खाणाऱ्या माशांना तिथले टोंगा लोक म्हणतात 'म्बुना', म्हणजे खडकातले मासे. आपल्या घरच्या पेट्यांतून दिसणारे बरेचसे आफ्रिकन सिक्लिड हे म्बुनाच.

तेव्हा आमचे निकामी पाणी त्यांना मानवणार, हे ठरले. पण पाणी मानवणे आणि पाणी तयार असणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे मला ठाऊक नव्हते. त्याची किंमत मी नाही, माशांनी मोजली.

पेटी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. नऊ घनफूट म्हणजे अडीचशे लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा करता सव्वादोनशे लिटर पाणी धरा. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यात काच आणि दगड मिळवले की तीन क्विंटलचा भार होतो. म्हणून लोखंडी घोडा वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला, पाणसळीने चारही कोपरे तपासले, पेटीखाली थर्माकोल टाकला. एवढे सगळे मी बरोबर केले. मग मुंबईहून एका दुकानातून १२ मासे आणले. दुकानदार म्हणाला, आजच पाणी भरा, आजच सोडा, काही होत नाही. मला ते ऐकायला आवडले, कारण दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि मंडळाची बैठक आमच्याच घरी होती. मला मासे पोहताना दाखवायचे होते.

बैठकीत कौतुक झाले. तिसऱ्या दिवशी मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले. पाचव्या दिवशी दोन गेले. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसत होते, म्हणून मी अन्न कमी पडत असेल असे समजून आणखी अन्न टाकले. नवव्या दिवशी शेवटचा पिवळा मासा मुलीने गाळणीने बाहेर काढला. तिने बाराही मासे नारळाच्या बुंध्याशी पुरले आणि वहीत तारखा लिहिल्या. रडली नाही. फक्त म्हणाली, "पप्पा, घाई कुणाला होती?"

दुकानदाराला दोष देऊन मी मोकळा होऊ शकलो असतो. पण बैठकीची घाई दुकानदाराची नव्हती.

चूक काय झाली ते आता सांगतो, कारण नवे लोक हीच चूक करतात. मासा श्वास घेतो, विष्ठा टाकतो, उरलेले अन्न कुजते, या सगळ्यातून पाण्यात अमोनिया होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. जुन्या पेटीतल्या दगडांवर, वाळूवर आणि गाळणीच्या स्पंजावर असंख्य जिवाणू वस्ती करून असतात. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे काही जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, ते बरेच सौम्य, आणि आठवड्याला थोडे पाणी बदलले की आटोक्यात राहते. नव्या कोऱ्या पेटीत ही वस्तीच नसते. जमा रोज होत राहते, खर्ची टाकणारा कोणी नाही. मी बी.कॉम. झालेला माणूस, मला ही वही लगेच कळायला हवी होती.

त्यावर आणखी एक गोष्ट आहे, ती वाचून मी हादरलो. पाण्यातला सगळाच अमोनिया सारखा मारक नसतो. पीएच ७ असेल आणि पाणी २५ अंशांचे असेल, तर त्यातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८.२ झाला की तोच हिस्सा सुमारे आठ टक्क्यांवर जातो. म्हणजे सोळापट. ज्या पाण्याचा मला एवढा अभिमान वाटला, ते या माशांच्या प्रकृतीचे खरे, पण घाई करणाऱ्याला तेच पाणी जास्त कठोर. साध्या पाण्यात कदाचित निम्मे वाचले असते.

मग आम्ही पेटी रिकामी ठेवली. रिकामी म्हणजे बिनमाशांची. पाणी, दगड, वाळू, गाळणी आणि हवेचा पंप चालू. रोज चिमूटभर माशांचे अन्न टाकायचे, ते कुजून अमोनिया होतो आणि जिवाणूंना खाद्य मिळते. मुलीने शाळेच्या आलेख वहीत तीन रेघा काढल्या. अमोनियाची रेघ आधी चढली आणि उतरली. मग नायट्राइटची चढली, ती उतरेचना. येणारे-जाणारे विचारायचे, "दगडांना पाणी पाजताय का?" कुणी म्हणाले, कार्यकर्त्याचे डोके फिरले. आमची पेटी तयार व्हायला ३८ दिवस लागले. कुणाला चार आठवडे लागतात, कुणाला सहा. ज्याच्या जुन्या पेटीतला मळका स्पंज आणता येतो त्याचे काम लवकर होते. बोईसरच्या मित्राने तो देऊ केला होता, मुलीने नको म्हटले. तिला रेघ स्वतः उतरलेली बघायची होती.

त्या दिवसांत दगडांचे काम नीट करता आले. म्बुना वाळू उकरतात. वाळूवर दगड रचले तर खालची वाळू निघून डोलारा कोसळतो आणि तळकाच फुटते. म्हणून काचेवर थर्माकोलचा पातळ तुकडा, त्यावर मोठे दगड, ते हलत नाहीत याची खात्री, आणि शेवटी वाळू. दगड आमचाच, काळा कातळ. तो पाण्यात काही सोडत नाही. कपारी भरपूर ठेवायच्या, कारण मार खाणाऱ्याला लपायला जागा हवी. झाईच्या किनाऱ्यावरचे शिंपले बादलीभर गोळा केले, गोड्या पाण्यात आठ दिवस रोज पाणी बदलून धुतले, उकळले आणि गाळणीच्या डब्यात एका पिशवीत घातले. शिंपला म्हणजे चुनाच, तो हळूहळू विरघळून पीएच खाली घसरू देत नाही. शहरात याच कामासाठी पोवळ्याचा चुरा विकत घेतात.

दुसऱ्यांदा मासे आणले ते महात्मा जोतिबा फुले मंडईतून, म्हणजे क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूच्या माशांच्या दुकानांतून. या वेळी मुलगी बरोबर होती आणि यादी तिच्या हातात. दुकानात 'मिक्स आफ्रिकन' म्हणून एकाच टाकीत सगळे रंग असतात. तिथेच माणूस फसतो. ऑराटस नावाचा पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा मासा लहानपणी फार देखणा, पण मोठा झाला की दुसऱ्याला जगू देत नाही. नवशिक्याने तो घेऊच नये. आम्ही शांत स्वभावाच्या तीन जाती घेतल्या, प्रत्येकी पाच. पिवळा लॅबिडोक्रोमिस, जांभळट तपकिरी 'रस्टी' आणि पिवळ्या शेपटीचा 'असाई'. शांत म्हणजे आपसांतल्या मानाने शांत, एवढेच. गप्पी किंवा गोल्डफिश यांच्यात सोडला तर दोन दिवस टिकणार नाही.

इथे एक उलटी गोष्ट आहे. म्बुना दोन-तीनच ठेवले तर बलवान नर दुबळ्याच्या मागे लागून त्याचा जीव घेतो. संख्या थोडी जास्त ठेवली, एका नरामागे तीन-चार माद्या ठेवल्या, की त्याचा राग विभागला जातो आणि कुणा एकावर सगळा मार पडत नाही. अर्थात दाटी केली की घाणही वाढते, म्हणून गाळणी दुप्पट ताकदीची हवी आणि पाणी बदलण्यात आळस चालत नाही. पिल्ले लहान असताना नर-मादी ओळखता येत नाही. पुढे आमचे तीन नर जादा निघाले, ते बोईसरला दिले.

प्राणवायू भरलेल्या पिशव्या कापडी पिशवीत घालून आम्ही चर्चगेटहून डहाणू लोकल धरली. २०१३ पासून ही लोकल डहाणूपर्यंत येते, त्याआधी हा प्रवास फार जिकिरीचा झाला असता. डब्यातल्या एका आजींनी पिशवीत डोकावून विचारले, "किती रुपये वाटा?" मुलगी हसली. त्या बारा माशांनंतर मासे या विषयावर ती पहिल्यांदाच हसत होती. घरी आल्यावर पिशव्या वीस मिनिटे पेटीतल्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, मग वाटी-वाटीने पेटीतले पाणी त्यांत घातले आणि मासे जाळीने उचलून सोडले. दिवा मालवला. कुणाला बोलावले नाही.

पंधराही जगले. तरी एकदा संकट आलेच, तेही आईच्या मायेने. झाईत सुका जवळा कुणाच्या घरी नसतो? मासे काचेशी येऊन तोंड उघडतात हे बघून आईला ते भुकेले वाटले. आम्ही कामावर गेलो की ती मूठभर जवळा टाकायची. म्बुनांचे आतडे लांब, शेवाळ पचवायला केलेले. मांसाहार जास्त झाला की त्यांचे पोट फुगते, ते खाणे सोडतात आणि बहुतेक वेळा मरतात. आमचा एक रस्टी असाच गेला. आईला मी काही बोललो नाही. मुलीनेच तिला स्पिरुलिना शेवाळाच्या गोळ्यांचा डबा दाखवला, चमचा नेमून दिला आणि आठवड्यातून एकदा उकडलेल्या पालकाचे पान घालण्याचा मान दिला. आई आता तो वार चुकवत नाही. "भाजी खाणारी मासळी," असे ती मावशींना सांगते.

वीज हा आमच्याकडचा दुसरा शत्रू. २०२३ च्या जुलैत एका रात्री वारा-पावसात तारा तुटल्या आणि सोळा तास वीज नव्हती. हवेचा पंप बंद, गाळणी बंद. आम्ही चौघांनी पाळी लावली. दर दहा मिनिटांनी तांब्याने पाणी उचलून उंचावरून परत पेटीत ओतायचे, म्हणजे हवा मिसळते. ज्या बायकोने पाण्याच्या खेळाला विरोध केला होता, तिने पहाटे दोन ते चारची पाळी घेतली. दुसऱ्या दिवशी तिनेच बॅटरीवर चालणारा छोटा पंप मागवायला लावला. त्या वेळी अन्न अजिबात टाकायचे नाही, हेही तेव्हाच शिकलो. मासा दोन दिवस उपाशी राहिल्याने मरत नाही.

पाणी दर रविवारी पाव हिस्सा बदलतो, साठ लिटरच्या आसपास. बोअरचेच पाणी. एकदा बोअरची मोटर जळाली म्हणून नळाचे पाणी घेतले, तेव्हा ग्रामपंचायतीने घातलेल्या टीसीएल पावडरचा वास येत होता. ते उघड्या टबात दोन दिवस ठेवून आणि हवेचा पंप लावून मगच वापरले. क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो आणि जिवाणूंची वस्तीही उठवतो. स्पंजही नळाखाली धुवायचा नाही, पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. ते मळके पाणी मोरीत जात नाही, नारळाला जाते. नारळाला खारटपणाची खंत नाही.

२०२३ च्या दिवाळीत एक पिवळी मादी खाईनाशी झाली. गळ्याखाली फुगवटा. आम्हाला वाटले पुन्हा तोच आजार. पण ती सुस्त नव्हती, कपारीत बसून जबडा हलवत होती. तिच्या तोंडात अंडी होती. मलावीतले हे सिक्लिड अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळतात. तीन-एक आठवडे आई काही खात नाही. पिल्ले स्वतः पोहू लागली की ती त्यांना बाहेर सोडते. माझी आई काचेसमोर स्टूल टाकून बसायची. तीन आठवडे उपाशी राहणारी मादी बघून ती कुणाची आठवण काढत होती हे मी विचारले नाही.

वर्षभरात पिल्लांची संख्या चाळीसच्या पुढे गेली आणि खरा वाद तेव्हा झाला. वस्तीतला एक तरुण, चांगला कार्यकर्ता, म्हणाला, "काका, गावतळ्यात सोडू. आरोग्य खाते डासांसाठी गप्पी सोडतंच ना? वाढले तर पोरांना खायला होतील." त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हते. टिलापिया हाही आफ्रिकेतला सिक्लिडच. १९५२ साली तो भारतात आणला तेव्हाही हेतू हाच होता, लवकर वाढणारी स्वस्त मासळी. आज उजनीच्या जलाशयात चिलापी म्हणून तोच उदंड आहे. गरिबाच्या ताटात तो पोचला हे खरे, आणि अनेक तळ्यांतल्या मूळ माशांची जागा त्याने बळकावली हेही खरे. आफ्रिकेतल्याच व्हिक्टोरिया सरोवरात १९५० च्या दशकात नाइल पर्च हा मोठा मासा सोडला गेला. मच्छीमारीचा धंदा वाढला, परंतु तिथल्या स्थानिक सिक्लिडांच्या शेकडो जाती १९८० च्या दशकात झपाट्याने घटल्या, कित्येक संपल्या. हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "काका, चाळीस बोटभर माशांनी काय होतंय?" मी म्हणालो, होणार नाही बहुधा. थंडीत मरतीलही. पण 'बहुधा' या शब्दावर मी बारा मासे मारले आहेत, आणि तळे माझ्या एकट्याचे नाही. दोन आठवडे तो माझ्याशी नीट बोलला नाही.

पिल्लांपैकी निम्मी बोईसरला गेली. उरलेल्यांसाठी मुलीने सुचवले ते मला सुचले नव्हते. अभ्यासिकेच्या कोपऱ्यात, नव्या पंख्याखाली, वर्गणीतून नव्हे तर माझ्या खिशातून, तीन फुटांची एक पेटी मांडली आहे. घोडा त्याच तरुणाने वेल्डिंग करून दिला. आत दगड आहेत, शिंपले आहेत, पंप चालू आहे आणि मासा एकही नाही. मुले दप्तर टाकतात आणि आधी काचेला नाक लावतात. परवा चौथीतल्या एका पोराने माझ्या मुलीला विचारले, "ताई, मासे कधी?" ती आता दहावीच्या पुस्तकात डोके घालून बसलेली असते. तिने भिंतीवरच्या आलेखाकडे बोट दाखवले.

"नायट्राइट अजून उतरलं नाही," ती म्हणाली. "उद्या ये, तू मोज."